आई असलेली पुस्तकं

मुलांच्या पुस्तकांवर परीक्षणं लिहिणाऱ्या लोकांचा मला मनस्वी राग आहे, आणि त्यांच्यावाचून माझं पानही हलत नाही. ग्रंथालयाच्या बालविभागासाठी पुस्तकं निवडायची, हे माझं काम. आमचा नियम साधा आहे. ज्या पुस्तकाबद्दल निदान दोन ठिकाणी बरं छापून आलंय आणि जे आमच्यापैकी एकाने तरी पहिल्या पानापासून शेवटापर्यंत वाचलंय, तेच घ्यायचं. त्यामुळे आयुष्याचा बराच भाग मी 'हळुवार', 'अंतर्मुख करणारं' आणि 'प्रत्येक घरात असायलाच हवं असं' हे शब्द वाचण्यात घालवला. शेवटचा शब्दप्रयोग आला की मी तो बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात मोठ्याने वाचायचे आणि मास्तर कपाळाला हात लावायचे.

मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले, निवडीच्या बैठकीला हौसेने येणारे गृहस्थ. येताना बसायला स्वतःची उशी घेऊन येतात. आमच्या खुर्च्यांवर त्यांचा विश्वास नाही. बैठकीत बहुतेक वेळा आम्ही दोघंच असायचो. मधे पुस्तकांचा ढीग, प्रत्येक पुस्तकात एक चिठ्ठी, आणि चिठ्ठीवर पेन्सिलीने आमची मतं. मतं लिहायला आम्ही खुणा ठरवून टाकल्या होत्या. 'उ.फा.' म्हणजे उपदेश फार. 'चि.ब.' म्हणजे चित्रं बरी. आणि सगळ्यांत जास्त वेळा लिहावी लागायची ती खूण म्हणजे 'आ.गे.'. आई गेली.

कारण वाखाणलेल्या पुस्तकांत आई नसतेच. म्हणजे असते, पण पहिल्या पानाच्या आधीच गेलेली असते, किंवा मग मधेच कुठेतरी खोकायला लागते. मास्तरांचं म्हणणं असं, की आई घरात असेल तर गोष्ट पुढेच सरकत नाही. पोरगं जंगलात निघालं की ती म्हणणार स्वेटर घाल, आणि दुसऱ्या पानावर पुस्तक संपलं. म्हणून लेखक आधी तिचा काटा काढतो. मला ते पटायचं. आम्ही दोघं त्यावर खूप हसायचो. परीक्षणात 'दुःखाला धीटपणे भिडणारी' असं दिसलं, की पुस्तक न उघडताच मास्तर विचारायचे, "आ.गे. का?" आणि मी म्हणायचे, "आ.गे. म्हणजे घ्यायलाच हवं." आम्हाला त्यात काही वावगं वाटायचं नाही. कुणाला वाटावं तरी कशाला, ती कागदावरची आई होती.

माझी धाकटी बहीण चष्म्याच्या दुकानात कामाला होती. होती असंच म्हणावं लागतं आता. लोकांच्या नाकावर फ्रेम बसवून, मान तिरकी करून ती अशी बघायची, की माणूस आपण देखणे आहोत असं समजूनच दुकानाबाहेर पडायचा. तिची मुलगी मुंगी. हे नाव माझं. चालायला लागली तेव्हा ही पोर स्वतःपेक्षा मोठी पुस्तकं कपाटातून ओढत कोपऱ्यात नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. चौथीत गेली तरी तेच नाव राहिलं, आणि तिचं पुस्तकांचं वेडही राहिलं. शनिवारी शाळा सुटली की ती बालविभागात येऊन बसायची. मी निवडलेली पुस्तकं सगळ्यांत आधी तिच्या हातात पडायची. तिचं परीक्षण एका शब्दाचं असायचं. चालेल, किंवा नाही चालणार. छापून आलेल्या सगळ्या परीक्षणांपेक्षा माझा त्यावर जास्त भरवसा होता.

घरी मायलेकींचा एक रिवाज होता. झोपण्याआधी दोघी पलंगावर एकमेकींना टेकून बसायच्या आणि एकच पुस्तक आलटून पालटून मोठ्याने वाचायच्या. एक पान आईचं, एक पान मुंगीचं. मुंगीला स्वतःचं स्वतः वाचता येऊन किती काळ लोटला होता, पण ते चालूच होतं. मुंगीचे बाबा लिफ्ट दुरुस्तीचं काम करतात, दिवसभर लोकांना वर-खाली पोचवून थकून येतात. ते म्हणायचे, या दोघींचं वाचन ऐकत मला झोप लागते, त्यामुळे एकाही गोष्टीचा शेवट मला माहीत नाही.

मग धाकटीच्या पोटात दुखायला लागलं. मधल्या महिन्यांबद्दल मी सांगणार नाही. ज्यांनी ते बघितलंय त्यांना सांगायची गरज नाही, आणि ज्यांनी नाही बघितलं त्यांनी बघू नये. शेवटी डॉक्टरांनी कागद मिटून ठेवले आणि म्हणाले, आता घरीच ठेवा, आवडीचं खायला द्या. आवडीचं खायला द्या, हे ऐकून माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली, की मी त्या माणसाला काही बोलले नाही याचंच मला आश्चर्य वाटतं. धाकटी मात्र त्यांना थँक यू म्हणाली. वर त्यांचा चष्मा एका बाजूला उतरलाय, दुकानात या, फुकट बसवून देतील, असंही सांगून आली.

त्या दुपारी तिने मला स्वयंपाकघरात बसवलं. मुंगी शाळेत होती. ओट्याला टेकून उभं राहण्याइतकी ताकद तिच्यात तेव्हा होती. आवाज खाली करून म्हणाली, "ताई, मुंगीला कळू द्यायचं नाही."

मी म्हटलं, कधीतरी सांगावंच लागेल. त्यावर ती म्हणाली, "नंतर कळेलच की. पण आता नको. ती माझ्याशी भांडते, दूध ओतून देते, दार आपटते. मला ती तशीच हवी आहे. एकदा कळलं की शहाण्यासारखी वागायला लागेल. मला शहाणी मुंगी बघून मरायचं नाही."

मी मान हलवली. माझ्याच्याने दुसरं काय होणार होतं. तिच्या नवऱ्याने आधीच मान हलवलेली होती. जाता जाता ती म्हणाली, "आणि ती तुझी बक्षीसवाली रडकी पुस्तकं आणू नकोस आता. ज्यांत आई मरत नाही अशी आण. तुझ्याकडे असतीलच की ढीगभर." मुंगीला सांगायचं ठरलं ते एवढंच, की आईला अशक्तपणा आलाय आणि शक्तीचं औषध चालू आहे.

ढीगभर, म्हणे. मी दुसऱ्या दिवशी कपाटांसमोर उभी राहिले आणि हात टेकले. मुंगीच्या वयाच्या, नावाजलेल्या, सुरुवातीपासून शेवटापर्यंत धडधाकट आई असलेल्या पुस्तकांचा शोध मी डोळ्यांत तेल घालून घेत होते आणि ती मिळत नव्हती. एकात आई ठीक होती, तर मधे आजीच गेली आणि त्या निमित्ताने आईने मरणावर चार पानं भाषण ठोकलं. एकात आई जिवंत होती, पण घर सोडून गेली होती. एकात कुत्र्याचीच आई मेली. कुत्र्याची सुद्धा यांना सोडवली नाही. हे लेखक आणि त्यांना डोक्यावर घेणारे ते परीक्षक यांच्या नावाने मी एकटीच कपाटांमधे उभी राहून बोटं मोडत होते.

मग मला युक्ती सुचली. मी परीक्षणं उलटी वाचायला लागले. 'कथेत संघर्षाचा अभाव', असं कुणी नाक मुरडून लिहिलेलं दिसलं की मी ते पुस्तक मागवायचे. 'फारसं काही घडत नाही' म्हटलं, की ते आमचं. 'घरगुती वातावरणाच्या पलीकडे लेखिका जात नाही', असं वाचून तर मी त्या लेखिकेला मनातल्या मनात नमस्कार केला. घरातच राहा बाई, म्हटलं, कुठेही जाऊ नकोस. अशी पुस्तकं मी दर आठवड्याला मुंगीच्या हातात ठेवत गेले. त्यांत आया केक करायच्या, हरवलेले मोजे शोधायच्या, शेवटच्या पानावर पांघरूण घालायच्या.

बैठकीत मास्तरांच्या हे लक्षात आलं. ते म्हणाले, "बाई, हल्ली तुम्ही चांगली पुस्तकं नापास करताय आणि टुकार घेताय." मी त्यांच्यावर उखडले. तुम्हीच चालवा मग बालविभाग, असं म्हणून उठून आतल्या कपाटांकडे गेले. ते मागून आले, आपली उशी हातात धरून, कारण ती ठेवायचं त्यांना सुचलं नसावं. मी त्यांना सगळं सांगितलं. पुढच्या बैठकीला ते पिशवी भरून पुस्तकं घेऊन आले, कोपरे दुमडलेली, त्यांच्या नातवंडांची. म्हणाले, "यांना कुणीही चांगलं म्हटलेलं नाही. सगळ्यांत आई आहे. मी शेवटापर्यंत तपासलंय." आणि त्यानंतर चिठ्ठ्यांवर ती दोन अक्षरं आम्ही कुणीच लिहिली नाहीत.

एका शनिवारी मुंगी नेहमीसारखी आली, दप्तर खाली टाकलं आणि त्या आठवड्याचं पुस्तक माझ्या टेबलावर ठेवलं. चालेल म्हणाली नाही, नाही चालणार असंही म्हणाली नाही. खिडकीजवळ दोन लहान मुलं प्राण्यांच्या चित्रांवरून भांडत होती. मुंगीने ती भांडणं संपायची वाट बघितली आणि मग विचारलं, "मावशी, तू हल्ली वाईट पुस्तकं का आणतेस?"

मी म्हटलं, वाईट कुठली, चांगली आहेत की. माझा आवाज मलाच खोटा वाटला.

"नाहीत चांगली," ती म्हणाली. "आधी तुझ्या पुस्तकांत आई नसायची. आता सगळ्यांत असते. शेवटापर्यंत असते. आणि काही होतच नाही."

टेबलावरच्या पेन्सिली सरळ करण्यात मी स्वतःला गुंतवलं. तिने हळू आवाजात, माझ्याकडे न बघता विचारलं, "आई मरणार आहे ना?"

कोणी सांगितलं तुला, असं मी विचारलं. ते विचारणं म्हणजेच हो म्हणणं होतं, हे मला तोंडातून शब्द गेल्यावर कळलं.

"तूच," मुंगी म्हणाली.

बाकी सगळ्यांनी किती जपलं होतं. औषधांच्या बाटल्यांवरची नावं धाकटीने खरवडून काढली होती. तिचा नवरा डॉक्टरांशी फोनवर बोलायला गच्चीत जायचा. कुणाच्या तोंडून अवाक्षर फुटलं नाही. आणि मी, पुस्तकं निवडण्यात जिचा हात धरणारा कुणी नाही असं लोक म्हणतात, ती मी, आठवड्यामागून आठवडा तिच्या हातात पुस्तकं देऊन तिला तेच सांगत राहिले. इतर कुठल्याही पोरीला ते कळलं नसतं. माझ्या निवडीवर वाढलेल्या पोरीलाच ते कळू शकत होतं.

मी तिला जवळ ओढलं. ती आली, पण लाकडासारखी ताठ उभी राहिली. म्हणाली, आईला सांगायचं नाही, शप्पथ घे. मी का म्हणून विचारलं. तर म्हणाली, "माझ्यासमोर ती बरी असते. हसते. मला कळलंय हे तिला कळलं, तर ती रडेल, आणि मग तिला बरं असायला कधीच मिळणार नाही." मी शप्पथ घेतली. दुसरं काय करणार. आता दोघींना दिलेले दोन शब्द माझ्या गळ्यात होते आणि दोन्ही एकच होते.

त्यानंतर त्या घरात जे चाललं ते बघणं माझ्या जिवावर यायचं. मुंगी शाळेतून यायची वेळ झाली, की धाकटी उठून बसायची, गालांवर हात चोळायची, केस सारखे करायची. मुंगी दार ढकलून यायची, दप्तर फेकायची, दूध नको म्हणून कटकट करायची. पूर्वी ती खरी कटकट करायची. आता ती करून दाखवत होती. आई हसली, की ही आणखी दोन शब्द जास्त भांडायची. मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची आणि बराच वेळ बाहेर यायची नाही. ती आत गेली, की धाकटी उशीत तोंड घालून कण्हायची. मी मधल्या पॅसेजमधे उभी. एका कानात नळ, दुसऱ्या कानात कण्हणं. दोघींना बखोटीला धरून एका खोलीत कोंडावं आणि बाहेरून कडी लावावी, असा संताप यायचा मला. पण कुणावर काढणार. दोघींचंही चुकत नव्हतं.

धाकटीच्या अंगातलं त्राण रोज कमी होत होतं. वाचनाचं एक पान अर्ध्यावर आलं, मग दोन-चार ओळींवर. तिच्या वाटणीचंही मुंगीच वाचायला लागली, वर म्हणायची, मला आज जास्त वाचावंसं वाटतंय. अशाने दोघी एकमेकींना हसवत हसवत शेवटापर्यंत जाणार होत्या, आणि एकही खरा शब्द न बोलता एक जण निघून जाणार होती. मग राहिलेलीने तो शब्द कुणाशी बोलायचा होता? माझ्याशी? मी तिची आई नव्हे. त्या विचाराने माझी झोप उडाली. तोंड उघडायचं तर शब्द मोडत होता. पण पुस्तक द्यायला मला कुणी मनाई केली नव्हती. खरं म्हणजे केली होती, धाकटीनेच. तेवढी एक मी मोडायची ठरवली.

बालविभागाच्या वरच्या खणात एक पुस्तक मी बाजूला काढून ठेवलं होतं. ज्याने त्याने डोक्यावर घेतलेलं. माझ्या तिरकस स्वभावालाही त्याबद्दल वाकडं बोलता आलं नव्हतं. रविवारी दुपारी मी ते घेऊन गेले आणि काहीही न बोलता पलंगावर ठेवलं. मुंगीचे बाबा बाहेरच्या खोलीत कपडे घडी करत होते. मी सूप गरम करायला आत गेले. खरं तर मला तिथे थांबायचा धीर झाला नाही.

वाडगा घेऊन परत आले तेव्हा धाकटीने पुस्तक उघडलं होतं. मुंगी तिच्या खांद्याला टेकून बसली होती, डोळे पानावर. मी दाराशीच थांबले. त्या पुस्तकाची पहिली ओळ मला पाठ होती. 'आई गेली, त्या आठवड्यात घरातले चमचे सापडेनासे झाले.' धाकटी ती ओळ बघत होती. तिचे ओठ हलले आणि थांबले. मग तिने मान वर करून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत राग होता, आणि मी तो घेतला.

मग ती वाचायला लागली. आवाज बारीक, पण स्वच्छ. "आई गावाला गेली, त्या आठवड्यात घरातले चमचे सापडेनासे झाले."

एकच शब्द घातला तिने. गावाला. पुढेही तसंच. छापलेलं होतं, आई नसल्यापासून बाबा उभ्यानेच जेवायचे. तिने वाचलं, आई गावाला असल्यापासून. जिथे म्हणून ती आई मेलेली होती, तिथे तिथे धाकटीने तिला गावाला पाठवलं. एकदाही अडखळली नाही. आणि मुंगी पानावरच बघत होती. तिला वाचता येतं, हे माझी बहीण विसरली नव्हती. तिला फक्त दुसरं काही सुचत नव्हतं.

पान संपलं. आता पाळी मुंगीची. तिने पुस्तक आपल्या मांडीवर ओढलं. त्या पानाची सुरुवात मला ठाऊक होती. 'आई परत येणार नाही, हे मला माहीत होतं.'

मुंगीने वाचलं, "आई गावाहून परत येणार, हे मला माहीत होतं."

धाकटीही पानावरच बघत होती. एवढी वर्षं लोकांच्या डोळ्यांसमोर अक्षरं धरणारी बाई, तिला ते दिसणार नाही असं कसं होईल. मुंगी वाचत राहिली. शेजारची बाई रडली असं छापलेलं होतं, तिथे हसली. घर रिकामं झालं असं होतं, तिथे भरलं. तोंडातल्या तोंडात भराभर बदल करत, घामाघूम होत ती वाचत होती, कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. एका ओळीशी येऊन थांबली. ती ओळ काही केल्या बदलता येण्यासारखी नव्हती. तिने तोंड उघडलं, मिटलं, बोट ओळीवर ठेवलं.

बाहेरच्या खोलीत कपड्यांची सळसळ थांबली होती.

धाकटी म्हणाली, "छापलंय तसं वाच."

मुंगीने मान हलवली. नाही म्हणून.

"वाच गं. मी ऐकते."

मग मुंगीने वाचलं. "काकूने आईचे कपडे पिशवीत भरले, पण तिचा निळा स्वेटर मी लपवून ठेवला, कारण मेलेल्या माणसाचा वास किती दिवस राहतो ते मला बघायचं होतं." एका दमात वाचलं, एकाही शब्दाला हात न लावता. वाचून पुस्तक मिटलं नाही. बोट तिथेच ठेवून बसली.

धाकटीने डोकं मागे भिंतीला टेकवलं. मला वाटलं ती आता रडेल. पण ती रडली नाही. डोळे मिटूनच विचारलं, "मग तिचा डबा कोण भरतं?"

"तीच भरते," मुंगी म्हणाली.

"जमतं तिला?"

"आधी नाही जमत. ब्रेड जळतो. मग जमतं."

"आणि केस? केस कोण विंचरतं?"

"मावशी. पण ती फार ओढते."

मी ते पुस्तक दोनदा वाचलं होतं. त्यात डबा नाही, केस नाहीत, मावशी तर कुठेच नाही. मुंगी पानाकडे बघतही नव्हती.

"रात्री?" धाकटीने विचारलं.

"बाबा निजतात तिच्या खोलीत. ते घोरतात." मग ती म्हणाली, "तरी ती जागीच असते."

धाकटीचा हात चादरीवरून सरकत मुंगीच्या पायापर्यंत आला आणि तिने तो घोट्याजवळ धरला. पकड कसली, नुसता हात ठेवला.

"तिला भीती वाटते का गं?"

"वाटते."

"आईलाही वाटत होती," धाकटी म्हणाली. "खूप वाटत होती."

मुंगीने पहिल्यांदा मान वळवून तिच्याकडे बघितलं. "ते पुस्तकात नाहीये."

"नाहीये ना," धाकटी म्हणाली. "असायला हवं होतं."

मग मुंगी रडायला लागली, मोठ्याने, तोंड उघडं टाकून, लहान मुलं पडल्यावर रडतात तशी. आणि माझ्या बहिणीने तिला गप्प बस म्हटलं नाही.